‘तांबं कमी आलंय’ म्हणून तांब्याचं पाणी देण्याआधी

नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. मुलाच्या रक्तात तांबं कमी आलं तर रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी पाजा, ‘आयसोटोप’ची तपासणी करू नका, त्यात किरणोत्सर्ग असतो, आणि घराण्यात कुणालाच नाही तर आजार अनुवंशिक कसा? गेल्या वर्षी माझ्या मामेभावाने तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, “ताई, साधा उपाय आहे की!” त्याच्या मुलाचं अक्षर जूनमध्ये टपोरं होतं. दिवाळीपर्यंत ते मुंगीएवढं आणि थरथरतं झालं होतं. त्या मुलाला विल्सन आजार होता, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा अनुवंशिक आजार. त्याला तांब्याचं पाणी देणं म्हणजे आगीत तेल ओतणं होतं.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून तो नीट समजून घ्या. रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनात बसलेलं असतं. ते प्रथिन यकृत तयार करतं आणि त्यात तांबं भरायचं काम एटीपी७बी या जनुकाकडे असतं. जास्तीचं तांबं पित्तातून बाहेर टाकायलाही तेच जनुक लागतं. विल्सन आजारात ते बिघडलेलं असतं. मग प्रथिन रिकामंच रक्तात येतं, लवकर मोडतं, आणि रिपोर्टात तांबं ‘कमी’ दिसतं. यकृतात मात्र ते साठत जातं. पुढे मेंदूत, डोळ्यांत. बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसतं ते याच तांब्याचं. म्हणजे रक्तात टंचाई आणि यकृतात कोठार भरलेलं.

खरोखर तांबं कमी पडतं अशा मेन्केस आजारातही पाणी पाजून भागत नाही, कारण तिथे तांबं आतड्याच्या पेशींतच अडकून राहतं.

आता किरणोत्सर्ग. आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची रूपं. निसर्गातल्या तांब्याची अशी दोन स्थिर रूपं आहेत, ६३ आणि ६५. देवघरातल्या ताम्हनात दर शंभर अणूंमागे साधारण ६९ पहिले आणि ३१ दुसरे असतात. दोन्हींतून किरण निघत नाहीत. तपासणीत यातलं ६५ वेगळं काढून काही मिलिग्रॅम प्यायला देतात आणि पुढचे दोन-तीन दिवस ठरावीक वेळी रक्त घेतात. ६५चं प्रमाण किती वाढलं ते मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र, सांगतं. निरोगी माणसात ते पहिल्या एक-दोन तासांत चढतं, यकृताने उचलल्यावर उतरतं आणि मग प्रथिनात भरून परत रक्तात आल्यामुळे दुसऱ्यांदा चढतं. विल्सनमध्ये हा दुसरा चढ येतच नाही. मला या तपासणीचं फार अप्रूप वाटतं: रक्तात तांबं किती आहे एवढ्यावर ती थांबत नाही, यकृत त्याचं काय करतंय ते दाखवते.

भीती कुठून आली तेही सांगते. पूर्वी हीच चाचणी तांबं-६४ वापरून करत, आणि ते खरंच किरणोत्सारी आहे, १२.७ तासांत निम्मं होणारं. गोंधळ तिथला आहे. हेही खरं की स्थिर आयसोटोपची चाचणी मोजक्याच ठिकाणी होते, आणि जनुकाची एकच प्रत बिघडलेल्या वाहकांचे आकडे कधीकधी रुग्णांच्या जवळ जातात. म्हणून आधी बुबुळाचं ते कडं शोधायला डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी, सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि जनुकचाचणी.

“पूर्वज तांब्या-पितळेतच खात-पीत होते” हेही त्या मेसेजात आहेच. निरोगी यकृत जास्तीचं तांबं बाहेर टाकतं, म्हणून मोठ्यांना तांब्याच्या लोट्यातलं पाणी सहसा बाधत नाही. पण पुण्याच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात पितळी भांड्यात तापवलेलं दूध आणि तान्ह्या मुलांचा जीवघेणा यकृताचा आजार यांचा संबंध दाखवला होता. कल्हई नसलेल्या पितळेतून तांबं दुधात उतरत होतं.

राहिला घराण्याचा प्रश्न. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर दोघेही ठणठणीत असतात, आणि प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणूनच निदान झालं की सख्ख्या भावंडांची तपासणी करायची असते. मामेभावाची धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती, दिवसभर दोरीवरच्या उड्या मारणारी. तिच्यातही दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. एकही लक्षण दिसायच्या आत तिच्या झिंकच्या गोळ्या सुरू झाल्या.