अर्धं तिकीट लगेच जमलं, ते का?
सरकारी धोरण खालच्या पातळीवर, म्हणजे राबवताना फसतं, असं एका लेखात वाचलं. अर्धंच पटलं. १७ मार्च २०२३ ला एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. आमच्या अंबाजोगाईकडं बाजाराला निघालेल्या बायकांना ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वाहकानं काय करायचं ते एका ओळीत मावत होतं, अन् फरकाचे पैसे सरकारनं द्यायचे हेही ठरलेलं. विजेवरच्या गाडीचं तसं नाही. एसटीची विजेवरची बस ‘शिवाई’ १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर धावली खरी, पण तशी गाडी कुठल्याही आगारात आणायची तर चार्जिंगची सोय, पुरेशी वीज, शिकलेला मेकॅनिक अन् चार्जिंगचा वेळ धरून बांधलेलं वेळापत्रक लागतं. ते आखताना आगारातल्या माणसाला आधी विचारा की! नाहीतर ड्यूटी लावणाऱ्याच्याच डोक्याला ताप.