रंग मारून ओल जात नाही

"घर विकण्याआधी तपासणी करू नका. दोष कागदावर आला की सांगावा लागतो. आतून रंगाचा एक हात मारा, घ्यायचा तो बघून घेईल." सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे, आणि घेणाऱ्यावर अन्यायही आहे.

"घेणारा बघून घेईल." 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 वाचा. आपल्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने बघूनही सापडणार नाही असा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. करारात वेगळं ठरलं असेल तरच सूट. न सांगणं ही कायद्याच्या लेखी फसवणूक.

"तपासलंच नाही, तर माहीत नव्हतं म्हणता येतं." दर पावसाळ्यात गळतीखाली बादली ठेवणाऱ्याला हे म्हणता येत नाही. सोसायटीच्या फाइलमध्ये त्याच्याच अक्षरातला तक्रारअर्ज असतो.

"रंगाने भागतं." माझ्या जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला पापुद्रे सुटायचे. दोनदा पुट्टी भरून रंग दिला, दोन्ही वेळा पांढरा खार वर आला. विकायच्या आधी इंजिनीअरला बोलावलं. त्यांनी नाण्याने भिंत वाजवली. खालचा हातभर भाग पोकळ वाजला. मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून निघतं त्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बंद करून बाथरूमच्या फरशीवर पाणी साठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी डाग चार बोटं वर चढला होता. पाणी ट्रॅपभोवतीच्या सांध्यातून मुरत होतं. तेवढ्याच लाद्या फोडल्या. मी मात्र बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग करायला निघालो होतो!

"खर्च फुकट जातो." घेणारा कर्ज काढणार असेल तर घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर येतोच. बाल्कनी खोलीत घेतली असेल, तर मंजूर नकाशाशी ताडताना ते उघडं पडतं. टोकन घेतल्यावर हे निघालं तर व्यवहार तिथेच अडकतो.

अशा तपासणीची सक्ती नाही, एवढं मात्र खरं. आणि ती फक्त आपल्या फ्लॅटपुरती असते. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम 353ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावं लागतं. त्या अहवालाची प्रत सोसायटीकडून वेगळी मागून घ्यावी.

घर घ्यायला आलेल्या ताईंना मी दुरुस्तीचं बिल आणि फोडलेल्या लाद्यांचे फोटो दाखवले. घासाघीस त्यांनी केलीच, पण ती तिसऱ्या मजल्यावरून आणि नसलेल्या लिफ्टवरून.