मुलांचं वजन लपवायला सांगणारा मेसेज

माझी मामेबहीण अंगणवाडी सेविका आहे. तिने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, ‘हे खरं आहे का दादा? बायका पोरांना वजनाला आणायला नको म्हणताहेत.’ एरवी असल्या मेसेजकडे मी दुर्लक्ष करतो. या वेळी ते शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. आरोग्य, पोषण, पाणी, स्वच्छता या सेवा गावपातळीवर एकत्र चालवू द्या आणि त्यासाठीचा पैसा गरजेप्रमाणे वापरायची मोकळीक ग्रामपंचायतींना द्या, ही मागणी म्हणे गरिबांचे लाभ बंद करण्याचा डाव आहे. पुढे पाच मुद्दे आहेत आणि शेवटी ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

पहिला मुद्दा: ‘सगळ्या खात्यांची यादी एक झाली की तुमच्या मुलाचं नाव कापलं जाईल, म्हणून वजन नोंदवू नका.’

हे नुसतं खोटं नाही, पोरांच्या जिवावर उठणारं आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्याच्या कलम ५ नुसार सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाला मोफत आहार मिळणं हा हक्क आहे. कलम ६ तर थेट कुपोषित मुलांबद्दल आहे: राज्य सरकारने अंगणवाडीमार्फत अशी मुलं शोधायची आणि त्यांना मोफत आहार द्यायचा. आता वजनच केलं नाही तर शोधायची कशी? कायदा झाला तेव्हाच्या दुसऱ्या अनुसूचीत इतर मुलांसाठी ५०० किलोकॅलरी आणि कुपोषित मुलासाठी ८०० किलोकॅलरी असा आहार ठरवलेला होता. म्हणजे मेसेजवर विश्वास ठेवून जी आई मूल घरी ठेवेल, तिच्या मुलाच्या वाट्याचा जादा आहार या मेसेजने हिरावलेला असेल. संसदेने कायद्याने दिलेला हक्क ग्रामपंचायतीला ठराव करून काढता येत नाही. याद्या एक असोत की दहा, त्याने काही फरक पडत नाही.

उलट याद्या वेगवेगळ्या असल्यामुळे काय होतं ते बघा. अंगणवाडी महिला व बालविकासची. आशा आणि एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) आरोग्याच्या. नळयोजना पाणीपुरवठ्याची. रेशन पुरवठा खात्याचं. आई रोजगार हमीच्या कामावर. मूल मात्र एकच आहे. समजा सेविकेने वजन घेतलं आणि मूल तीव्र कुपोषित निघालं. त्याच मुलाला महिनाभरात पुन्हा पुन्हा जुलाब झाल्याचं आशाच्या वहीत आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. दोन्ही आपापल्या वाटेने तालुक्याला जातात आणि तिथे वेगवेगळ्या तक्त्यांत बसतात. त्या शेजारी शेजारी ठेवून ‘आधी या वस्तीचं पाणी बघा’ असं म्हणणं कुणा एकाचं काम नाही. जुलाब थांबत नाहीत तोवर दिलेला आहार त्या मुलाच्या अंगी लागणार नाही, हे कोणतीही सेविका सांगेल. तिला सगळं दिसतं, पण पाण्याच्या पैशाला हात लावणं तिच्या खात्यात बसत नाही.

सेवा एकत्र आणायची कल्पना नवीही नाही. अंगणवाड्या ज्या योजनेतून आल्या तिचं नावच ‘एकात्मिक बाल विकास सेवा’ आहे, ती २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात पाठवणं) या तीन पहिल्यापासून आरोग्य यंत्रणेच्या साथीनेच द्यायच्या होत्या. गावोगाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता अशी एकच समितीही आहे. पण ग्रामीण आरोग्य अभियानात तिच्यासाठी अबंध निधी, म्हणजे गरजेप्रमाणे वापरायचा मोकळा पैसा, ठरला तो गावाला वर्षाला १०,००० रुपये. तेवढ्यात आजारी मुलाला दवाखान्यात न्यायचं, की पाण्याच्या टाकीचं बघायचं, की वजनकाटा दुरुस्त करायचा? मोकळीक मागितली जाते ती या ठिकाणी. यात डाव कुठे दिसतो?

दुसरा मुद्दा: ‘मोकळा पैसा म्हणजे सरपंचाचा खिसा.’

यात अर्धं सत्य आहे, आणि ते मान्य करणं भाग आहे. मोकळा पैसा आला की बऱ्याच ठिकाणी कमान, हायमास्ट आणि पेव्हर ब्लॉक आधी सुचतात. ठेकेदार कोण हेही गावाला माहीत असतं. मुलांवरचा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो मागे पडतो. पण यावर उपाय हिशेब मागण्याचा आहे, हात बांधण्याचा नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के वाटा बंधित ठेवला, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंध, तोही पगार आणि आस्थापनेवर खर्च करायचा नाही, आणि अनुदान हवं तर हिशेब ऑनलाइन टाकायचे. मोकळीक आणि शिस्त एकत्र ठेवता येतात, हे यात दिसतंच.

केरळने तर हे १९९६ पासून करून दाखवलं. लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे दिला. प्राथमिक आरोग्य केंद्रं, शाळा, अंगणवाड्या, कृषी भवनं पंचायतींशी जोडली. पण पंचायतीला वाटेल तसा खर्च करायची मुभा नव्हती, महिलांसाठी १० टक्के राखणं सक्तीचं होतं. पुढे २००२ मध्ये ‘आश्रय’ योजना आली. तिच्यात पंचायतीने निराधार कुटुंबं हुडकायची, एकेका कुटुंबाला काय काय लागतं ते लिहायचं आणि वेगवेगळ्या ठिकाणचा पैसा त्या कुटुंबासाठी एकत्र आणायचा. घर, औषध, अन्न, मुलांचं शिक्षण, सगळ्याचा एकच आराखडा. लाभ बंद करायची ही रीत नाही. ज्यांच्यापर्यंत कुठलंच खातं पोचत नव्हतं, त्यांच्यापर्यंत पोचायची आहे.

आपल्याकडेही पेसा क्षेत्रात, म्हणजे पंचायतींना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींना अबंध मिळतो आणि त्यात आरोग्य, स्वच्छता, शिक्षण बसतं. म्हणजे महाराष्ट्राला हे परकं नाही.

तिसरा मुद्दा नोकऱ्यांचा: सेविका आणि आशांच्या नोकऱ्या म्हणे सरपंचाच्या हातात जातील. सेविका आणि आशांची भीती मी समजू शकतो. आधीच मानधन तुटपुंजं आणि उशिरा येणारं, त्यात वरून सरपंचाची मर्जी कोण सांभाळेल? पण केरळात संस्था पंचायतींकडे गेल्या तेव्हा कर्मचाऱ्यांचे पगार आणि सेवाशर्ती राज्याकडेच राहिल्या. आपल्याकडेही तसंच लेखी मागावं. त्या मागणीत मी बहिणीच्या बाजूने उभा आहे.

चौथा मुद्दा, ‘अडाणी सरपंचांना आरोग्यातलं काय कळतं’, हे वाचून चीड आली. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्यातल्या कितीतरी जणींनी स्वतःची मुलं त्याच अंगणवाडीत वाढवली. आणि सरपंचाने औषध लिहून द्यावं असं कुणी म्हणतच नाही. औषध डॉक्टरच देतील. डॉक्टर कुठल्या वाडीवर आधी यायला हवेत, हे गावाने सांगायचं आहे.

शेवटचा मुद्दा, ‘आता खात्यांचं नीट चाललंय, लुडबुड कशाला’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे महाराष्ट्राचे आकडे पुरेत. पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने कमी वजनाची मुलं २०१५-१६ मध्ये ३६ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३६.१ टक्के. उंचीच्या मानाने फार कमी वजन असलेली, म्हणजे तीव्र कृश मुलं ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. हे आकडे खाती आपापल्या कप्प्यात असतानाचे आहेत. याला नीट चाललंय म्हणणाऱ्याने ही मुलं पाहिलेली नाहीत.

राग काढायचाच असेल तर तो योग्य जागी काढा. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. आरोग्य, महिला व बालविकास, प्राथमिक शिक्षण, पिण्याचं पाणी सगळं त्यात आहे. पण किती अधिकार द्यायचे हे कलम २४३छ ने राज्य विधिमंडळावर सोडलं, आणि गाडी तिथेच अडली. त्यात मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर आपल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर काही वर्षं प्रशासकच बसले होते. तेव्हा या मेसेजवाल्यांनी आयांना काय पाठवलं होतं?

बहिणीला मी कळवलं आहे की कलम ६ कागदावर लिहून अंगणवाडीच्या दारावर लाव, आणि जी आई विचारेल तिला वाचून दाखव. वजनाच्या दिवशी आशालाही तिची वही घेऊन बोलाव. जी मुलं दोन्ही वह्यांत सापडतील, त्यांच्या वस्तीच्या पाण्याचा विषय ग्रामसभेपुढे लेखी ठेव आणि आराखड्यात त्यासाठी पैसे धरायला लाव.