पुरेल एवढे पाणी

पुण्यात माझ्या आयुष्याची पंचवीस वर्षे गेली आणि तेवढ्या काळात पाण्याचा हिशेब मी केला तो फक्त गुरुवारी पाणी बंद असे तेव्हा, आणि तोही बादल्यांत. अमेरिकेत फिनिक्सला राहायला आल्यावर एका ऑक्टोबरात आम्हा नवराबायकोला ग्रँड कॅन्यनच्या दरीतल्या हॉर्सशू मेसा या सपाट माथ्याच्या डोंगरावर एका रात्रीच्या मुक्कामाचा परवाना मिळाला आणि हा हिशेब बादल्यांवरून थेट माझ्या पाठीवर आला.

ग्रँड कॅन्यन हा उलटा गड आहे. सिंहगडावर दमून पोहोचावे तर वर देवटाक्याचे पाणी आणि मटक्यातले दही वाट पाहत असते. येथे सुमारे ७,४०० फूट उंचीच्या ग्रँडव्ह्यू पॉइंटवरून ताज्या दमाने पाच किलोमीटरांत अडीच हजार फूट खाली उतरायचे, आणि दमल्यावर तेवढेच चढायचे. वाटेत पाण्याचा थेंब नाही. मेसाच्या खाली एक झरा आहे, परंतु तेथवर जायचे म्हणजे आणखी उतरणे आणि आणखी चढणे. लिटरभर पाण्यासाठी लिटरभर घाम गाळण्याचा हा व्यवहार बायकोने तत्काळ फेटाळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे तांब्याची खाण होती आणि ते तांबे खेचरांच्या पाठीवर लादून वर आणीत असत. आता पाणी खाली न्यायचे होते, आणि उपलब्ध खेचर मी होतो.

चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. हा ठोकताळा बनवणाऱ्याने ‘अर्धा ते एक’ या तीन शब्दांत संसार मोडण्याची केवढी ताकद भरून ठेवली आहे, याची त्याला कल्पना नसावी. मी पाऊण लिटर धरले आणि आठ तासांच्या चालीसाठी सहा लिटर मांडले. स्वयंपाकाला दीड, रात्रीला एक, सकाळच्या चहाला अर्धा (यावर चर्चा नाही), आणि अडीअडचणीला एक, म्हणजे माणशी दहा लिटर. पाण्याची मोठी खोडी अशी, की त्याचे एक लिटर बरोबर एक किलो भरते आणि त्यात कोणत्याही दुकानात हलका प्रकार मिळत नाही. तंबू हलका घेता येतो, दातघासणीची दांडी तोडून ग्रॅम वाचवता येतात (मी तोडली), परंतु पाण्यापुढे पैसा चालत नाही. शिवाय ते जितके जास्त घ्यावे तितका घाम जास्त, आणि घाम जास्त म्हणून पाणी आणखी जास्त.

वजन वाचवण्यासाठी मी वाळवलेल्या जेवणाची पाकिटे आणली. बायकोने त्यावरची सूचना वाचली आणि विचारले, “अहो, हे हलकं कसलं? पाणी आपणच घालायचं ना यात?” पाकिटे परत गेली आणि त्यांच्या जागी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे आले. लोणचे ही चैन नव्हती. घाम गाळत नुसतेच पाणी ढोसत राहिल्यास रक्तातले मीठ घातक रीतीने कमी होऊ शकते. लोणच्याला वैद्यकीय आधार मिळाल्याचे ऐकून पुण्याहून फोनवर आई प्रसन्न झाली, परंतु मूळ प्रश्न तिने सोडला नाही. “जिथे नळ नाही तिथे मुळात जायचंच कशाला?” या प्रश्नाला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

स्वयंपाक रद्द झाल्याने आता दीड लिटर कमी करावे, असे मी सुचवले. “राहू दे,” असे बायको म्हणाली आणि तेवढ्याने सारे गणित निकालात निघाले. वीस लिटर भरले. बारा माझ्याकडे, आठ तिच्याकडे. पाठपिशवी जमिनीवरून उचलून खांद्यावर घेता येईना, म्हणून मी ती गाडीच्या डिकीच्या काठावर ठेवून तिच्यात शिरलो.

उतरताना कोकोनिनो सॅडल नावाच्या खिंडीपाशी आम्ही परतीच्या चढणीसाठी तीन लिटर पाणी एका दगडामागे दडवले. तेथील खारींना प्लास्टिक कुरतडण्याची आवड असल्यामुळे मी त्यासाठी खास जाड बाटल्या घेतल्या होत्या. खारींनी त्यांना तोंडही लावले नाही. आमचाच दगड मात्र आम्हाला सापडेना, कारण दुसऱ्या दिवशी खिंडीतले सगळे दगड एकाच आईची लेकरे दिसू लागले होते. अर्धा तास शोधण्यात जवळचे अर्धा लिटर पाणी संपले, तेव्हा कोठे ती तीन लिटर हाती लागली.

ऑक्टोबरची हवा गार निघाली. वर पोहोचून मोजले तेव्हा सहा लिटर शिल्लक होते. फिनिक्सच्या आमच्या नळाचे ते पाणी अडीच हजार फूट उतरून आणि पुन्हा चढून, कोणाच्याही घशाखाली न जाता, घरी परतले आणि तुळशीला घातले गेले. रात्री आईचा फोन आला.

“पाणी पुरलं का रे?”

“पुरलं,” मी खांद्याला बाम चोळत म्हणालो, “आणि मला पुरून उरलं.”