वाढत्या काउंटीच्या कारभाऱ्यांस काही नम्र सूचना

आपली काउंटी, म्हणजे अमेरिकेतला आपला जिल्हा, वाढू लागली आहे, याबद्दल सर्वप्रथम आपले अभिनंदन. कालपरवापर्यंत जिथे मका डोलत होता तिथे आता टाउनहाउसच्या रांगा उभ्या राहत आहेत, चौकाचौकात बिल्डरांचे झेंडे फडकत आहेत आणि करवसुलीचे आकडे पाहून आपल्या अर्थखात्याला गाढ झोप लागत आहे. अशा मंगल प्रसंगी एखादा आगाऊ मनुष्य उठून विचारतोच, की या घरांतली मुले शाळेत कुठे जाणार. त्याचा राग मानू नये. त्याला एका अभ्यास समितीवर नेमावे आणि समितीचा अहवाल घरे भरल्यानंतर मागवावा.

कित्ता गिरवायचाच असेल, तर उत्तर व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीचा गिरवावा. वॉशिंग्टनच्या डलस विमानतळापासून पश्चिमेकडे पसरलेल्या या काउंटीची लोकसंख्या 1990 च्या जनगणनेत 86,129 होती, ती 2020 च्या जनगणनेत 4,20,959 झाली. 2010 ते 2020 या काळात तिथे सात नवी हायस्कुले उघडली, तेव्हा काउंटी हातावर हात धरून बसली होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अन्याय टाळून एवढेच म्हणता येईल, की 2012 साली उघडलेले जॉन चॅम्प हायस्कूल बघता बघता भरून वाहू लागले आणि त्याचा भार हलका करण्यासाठी 2020 साली लाइटरिज उघडावे लागले. अशी मधली वर्षे निभावण्यासाठीच देवाने ट्रेलर निर्माण केले आहेत. शाळेच्या मैदानावर लाकडी रॅम्प लावून उभ्या केलेल्या या खोल्यांत वर्ग उत्तम भरतो. स्वच्छतागृहासाठी मुख्य इमारतीकडे पावसात धावावे लागते, पण तेवढाच व्यायाम. खेळाचे मैदान कमी झाल्याची भरपाई त्यातून आपोआप होते.

आता जमिनीकडे वळू, कारण पुढचे सारे वैभव तिच्यातूनच उगवते. शाळेची जमीन कधीही वेळेवर विकत घेऊ नये. वेळेवर, म्हणजे ती शेतजमीन असताना घेतली, तर ती स्वस्त मिळते, आणि मग करदाते विचारतात की जिथे एकही मूल नाही तिथे शाळेची जमीन कशाला. प्राथमिक शाळेला सुमारे 20 एकर आणि हायस्कूलला सुमारे 75 एकर लागतात. एवढा सलग तुकडा शोधायला तेव्हाच निघावे, जेव्हा आसपास विकाऊ असे काही उरलेलेच नसेल. लाउडनमध्ये या कामी डेटा सेंटरांचे मोठे साहाय्य होते. ॲशबर्नच्या परिसरात जगातला डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा पुंजका आहे आणि त्यांच्यातल्या संगणकांवरचा कर काउंटीची तिजोरी भरतो. डेटा सेंटर भरपूर कर देते आणि शाळेत एकही मूल पाठवत नाही, हा त्याचा गुण तिथल्या कारभारात अनेकदा गायला जातो, आणि तो गुण निर्विवाद आहे. एवढेच, की शाळेला हवी असते तशीच मोठी, सपाट, रस्त्याला लागून असलेली जमीन त्यालाही हवी असते, आणि बोली लावताना त्याचा हात शाळेपेक्षा बराच सैल असतो. शाळांचा खर्च ज्या इमारती भागवतात त्याच इमारती शाळांची जमीन महाग करतात. इतके सुरेख जमलेले वर्तुळ मोडण्याचे पातक आपण करू नये.

पैसे न मोजता जमीन मिळवण्याचा राजमार्ग म्हणजे प्रॉफर. बिल्डरला अधिक घरे बांधण्यासाठी झोनिंग, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल हे ठरवणारे नियम, बदलून हवे असते आणि त्याच्या बदल्यात तो रस्त्याचे रुंदीकरण, एखादे उद्यान, शाळेसाठी भूखंड असे काहीबाही स्वखुशीने लिहून देतो. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा व्यवहार कायदेशीर आहे. आवळा निरखून पाहण्याची सवय मात्र आपण लावून घेऊ नये. भूखंडाचा एक कोपरा उच्चदाब वीजवाहिनीखाली येत असेल, दुसरा ओढ्याच्या पूररेषेत जात असेल आणि उरलेल्या भागात हातभर मातीखाली पूर्व लाउडनचा तो प्रसिद्ध डायबेस खडक लागत असेल, तर सुरुंग लावण्याचा खर्च इमारतीच्या अंदाजपत्रकात टाकता येतो. भूखंड फुकटच राहतो. 2016 साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने घरबांधणीच्या प्रकल्पांत अवाजवी प्रॉफर मागण्यास आणि स्वीकारण्यासही बंदी केली, तेव्हा अनेक काउंट्यांनी खटल्याच्या धास्तीने बिल्डरांशी या विषयावर बोलणेच टाळले, आणि 2019 साली कायद्यात पुन्हा दुरुस्ती होऊन बोलण्याची मुभा मिळाली. मधल्या काळातले हे मौन नियोजनशास्त्रात नोंदवून ठेवण्याजोगे आहे. जिथे जुन्याच झोनिंगप्रमाणे घरे बांधता येतात तिथे तर आवळ्याचाही प्रश्न उद्भवत नाही.

एवढे करूनही कोणी जबाबदारीबद्दल विचारलेच, तर व्हर्जिनियाच्या रचनेचे आभार मानावेत. शाळा चालवते निवडून आलेले शाळा मंडळ, पण त्याला कर लावण्याचा अधिकार नाही. पैसे देते सुपरवायझरांचे, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांचे मंडळ, पण शाळा कशी चालवावी हे त्याच्या हातात नाही. घरांना परवानगी देतात तेच सुपरवायझर, पण मुले मोजणे हे शाळा मंडळाचे काम. इमारतीच्या कर्जरोख्यांचा प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर जातो आणि शाळेसमोरचा रस्ता बहुतेक ठिकाणी राज्याच्या परिवहन खात्याचा असतो. त्यामुळे शाळा उघडली आणि तिच्यासमोर डावीकडे वळण्याची मार्गिका नाही असे आढळले, तर प्रत्येकाने अत्यंत प्रामाणिकपणे दुसऱ्याकडे बोट दाखवावे. यात कोणीही खोटे बोलत नसतो, हेच या रचनेचे सौंदर्य आहे.

पटसंख्येच्या अंदाजाविषयी फार सांगत नाही. टाउनहाउसमागे अमुक मुले, स्वतंत्र घरामागे तमुक, असे गुणक जुन्या वस्त्यांवरून काढलेले असतात; नव्या वस्तीत शाळेचे नाव पाहूनच घर घेणारे लोक राहायला येतात, ही गोष्ट गुणकाच्या कानावर घालू नये.

शाळा बांधून झाली, की हद्दी, म्हणजे कोणत्या गल्लीतले मूल कोणत्या शाळेत जाणार हे ठरवणाऱ्या रेषा, नव्याने आखाव्या लागतात. या विधीची जाहीर सुनावणी अवश्य ठेवावी, आणि ती आठवड्यातल्या कामाच्या संध्याकाळी, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे बोलू देण्याच्या अटीवर ठेवावी. सभागृहात एका वस्तीचे लोक एका रंगाचे टी-शर्ट घालून येतील, दुसरीचे दुसऱ्या. प्रत्येक वक्ता सुरुवातीलाच सांगेल की आपला विरोध कोणत्याही शाळेला नाही, केवळ आपल्या मुलाला तिथे पाठवण्याला आहे. मग मैत्री, सातत्य, समुदाय या उदात्त कल्पनांवर भाषणे होतील आणि घराच्या किमतीचा उल्लेख चुकूनही होणार नाही. यात आमची मराठी मंडळी मागे नाहीत, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. ॲशबर्न, ब्रॅम्बल्टन, साउथ रायडिंग या पट्ट्यात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि पुण्यात ज्यांनी मुलाच्या प्रवेशासाठी शाळेच्या दारात पहाटेपासून रांग लावली असती, तेच इथे एक्सेलचे तक्ते बनवून दाखवतात की हद्दीची रेषा त्यांच्या गल्लीच्या पलीकडून नेली तर काउंटीचे एकूण प्रवासाचे मैल कसे वाचतात. गणित बिनचूक असते. पलीकडच्या गल्लीतल्या मराठी माणसाचेही असते. आपण दोन्ही तक्ते इतिवृत्ताला जोडावेत, सर्वांचे आभार मानावेत आणि नकाशा क्रमांक चार मंजूर करावा, जो कोणीच पाहिलेला नव्हता.

यानंतर वाहतूक. तिच्याबद्दल सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की जागा निवडताना वाहतूक विभागाला बोलावू नये. त्या लोकांना नकाशावर सर्वत्र रस्तेच दिसतात आणि चर्चेचा विरस होतो. अमेरिकेत 1969 साली 5 ते 14 वयोगटातली सुमारे 48 टक्के मुले चालत किंवा सायकलने शाळेत जात असत. 2009 पर्यंत हे प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास आले. एवढी प्रगती आपोआप होत नाही. त्यासाठी शाळा वस्तीच्या मध्यभागी न ठेवता, जिथे तुकडा उरला आहे तिथे, म्हणजे मोठ्या रस्त्याच्या पलीकडे न्यावी लागते. असा रस्ता आधी दोन पदरी असतो, मग चार, मग सहा. पदपथ बिल्डरच्या हद्दीपर्यंत येतो आणि गवतात संपतो, कारण पुढची जमीन दुसऱ्या बिल्डरची असते आणि त्याची घरे अजून उठायची असतात. त्यामुळे खिडकीतून ज्या शाळेचे झेंडे मोजता येतात त्या शाळेत जायला मुलांना बस लागते, आणि चालत जाण्याइतक्या जवळच्या अंतरासाठी धोक्याचा रस्ता म्हणून बस मंजूर करणारा कागद तेवढा निघतो. पादचारी सिग्नल एकदाच बसवावा लागला असता. बस दररोज चार वेळा तो रस्ता ओलांडते, म्हणजे सेवा किती अधिक, याचा हिशेब जनतेसमोर मांडावा.

एक बस तीन शाळांच्या फेऱ्या करू शकली, तर बसगाड्या कमी लागतात, म्हणून शाळांच्या वेळा मागेपुढे ठेवतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली सांगितले, की मिडल आणि हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवू नये, कारण किशोरवयात झोप उशिरा लागते. लाउडन याबाबत बरेच पुढे आहे आणि तिथली हायस्कुले साडेनवाच्या सुमारास भरतात. मग पहिली फेरी कोणाची? प्राथमिकची, जिची घंटा आठच्या आधी होते. जानेवारीच्या आरंभी तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो. अशा एखाद्या सकाळी नव्या वस्तीच्या बस थांब्यावर जाऊन पाहावे. थांबा म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याच्या तळ्याशेजारचा कठडा. ना छप्पर, ना दिवा. तिथे हुडीची टोपी ओढलेली आठ-दहा मुले, टेस्लात हीटर लावून बसलेले दोन बाप आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले एक आजोबा, स्वेटरवर कोट, कोटावर मफलर आणि त्यावर कानटोपी अशा थाटात नातीचे दप्तर धरून उभे असतात. बस येते, लाल दिवे लुकलुकतात, थांबा असे लिहिलेला हात बाहेर येतो आणि मागची सगळी वाहने निमूट थांबतात. आजोबा दर खेपेला थक्क होतात. या शिस्तीचे छायाचित्र काउंटीच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर अवश्य घ्यावे. अंधारामुळे ते नीट येणार नाही, तेव्हा मे महिन्यात काढावे.

ड्रायव्हर मिळत नाहीत, ही तक्रार येईल. ती ऐकून घ्यावी. या कामासाठी व्यावसायिक वाहनाचा परवाना आणि त्यावर शालेय बसची वेगळी नोंद लागते. पहाटे काही तास आणि दुपारी काही तास काम, मधल्या वेळात बिनपगारी विश्रांती. मागे पन्नासेक मुले आणि समोर आरसा. लाउडन घरगुती उत्पन्नात देशातल्या अग्रणी काउंट्यांपैकी एक आहे, त्यामुळे बस चालवून तिथे घर घेणे कोणाला सुचत नाही आणि चालकाचा स्वतःचा प्रवास फेरी सुरू होण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. यावर उपाय म्हणून एका बसला तीनऐवजी चार फेऱ्या द्याव्यात. उशीर झाल्यास पालकांना ॲपवर बस नकाशात हलताना दिसेल अशी सोय करावी. बस हलत नसली तरी नकाशा दिसतो.

बर्फाचा दिवस ही मात्र निसर्गाची कृपा समजावी. पश्चिम लाउडनमध्ये आजही अडीचशे मैलांहून अधिक कच्चे, खडीचे रस्ते आहेत आणि त्यांतल्या एखाद्या वळणावर बस घसरण्याची भीती असली, की पूर्वेकडे रस्ते कोरडे ठणठणीत असतानाही सगळ्या काउंटीची शाळा बंद ठेवता येते. त्या दिवशी वाहतुकीच्या वक्तशीरपणात आपण शंभर टक्के गुण मिळवतो.

राहिली एक तांत्रिक बाब, तीही हिशेबाची. जमिनीचा आणि इमारतीचा पैसा भांडवली अंदाजपत्रकात असतो, तो एकदाच दिसतो आणि त्याच्यावर फीत कापता येते. बस, डिझेल, चालक आणि दुरुस्ती चालू खर्चात असतात, ते दर वर्षी दिसतात आणि त्यांच्यावर फीत कापता येत नाही. गैरसोयीच्या पण फुकट मिळालेल्या भूखंडावर शाळा बांधल्यामुळे पुढची 40 वर्षे किती जादा बसफेऱ्या लागतील, हा आकडा काढणे अवघड नाही. वाहतूक विभागातला एखादा तरुण कर्मचारी तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत काढील. म्हणून भूखंड स्वीकारण्याचा ठराव वसंतात आणावा, वाहतुकीचे अंदाजपत्रक हिवाळ्यात मांडावे, आणि कोणी हे दोन्ही कागद एकाच बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेण्याचा आग्रह धरलाच, तर त्या संध्याकाळी गणपूर्ती होणार नाही याची काळजी घ्यावी.