देशाच्या कर्जाच्या धास्तीने मोडलेली ठेव

गेल्या महिन्यात माझ्या मावशीने बँकेतील सहा लाख रुपयांची मुदत ठेव मुदतीआधीच मोडली. ती ७१ वर्षांची आहे, मिरजेला एकटी राहते, आणि आयुष्यभर विनाअनुदानित बालवाडीत शिकवल्यामुळे तिला निवृत्तिवेतन नाही. औषधे, गॅस आणि धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा पगार हे सारे त्या ठेवीच्या मासिक व्याजातून भागत असे. ठेव का मोडली असे विचारल्यावर तिने मोबाइल माझ्या हातात दिला. त्यावर भजनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटात आलेला एक लांबलचक संदेश होता, आणि नंतरच्या दोन दिवसांत तोच मजकूर मला आणखी तिघांकडून आला.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक भारतीयाच्या डोक्यावर १ लाख ४० हजारांचे सरकारी कर्ज आहे, हे कर्ज परदेशी सावकारांचे असून ते लवकरच वसुलीला येतील, ते फेडण्यासाठी सरकार नोटा छापील आणि १९२३ सालच्या जर्मनीप्रमाणे रुपया कागदाच्या मोलाचा होईल, आणि त्याआधी सरकार बँकांतील ठेवी ताब्यात घेणार असल्याने पैसे आजच काढून सोने घ्यावे.

पहिल्या मुद्द्यातील भागाकार बरोबर आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पानुसार त्या वर्षाअखेरीस केंद्र सरकारची देणी सुमारे १९६ लाख कोटी रुपये होतील असा अंदाज होता, आणि १४० कोटींनी भागल्यास संदेशातला आकडा येतो. परंतु हे कर्ज म्हणजे कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेला बोजा नव्हे. ते सरकारचे आहे, ते करांतून आणि नव्या कर्जातून फेडले जाते, आणि त्याचे मोजमाप देशाच्या वार्षिक उत्पन्नाशी करतात. ते प्रमाण सुमारे ५६ टक्के येते. जपानच्या सरकारचे कर्ज त्या देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक आहे, आणि तेथील ठेवीदारांना कोणी घरी पैसे नेऊन ठेवायला सांगत नाही.

परदेशी सावकारांचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. मार्च २०२५ अखेर भारताचे एकूण परकीय कर्ज सुमारे ७३६ अब्ज डॉलर होते. त्यात खासगी कंपन्यांनी घेतलेली कर्जे आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवीही धरलेल्या असतात, आणि सरकारचा वाटा एक चतुर्थांशाहूनही कमी भरतो. सरकारचे बहुतांश कर्ज देशातच, रुपयांत उभारलेले आहे. १९९१ साली रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशात तारण ठेवावे लागले, ते डॉलर संपत आले होते म्हणून. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवली, तीही परकीय चलनाअभावी. रुपयांत घेतलेल्या कर्जामुळे अशी वेळ येत नाही. त्याचे दुष्परिणाम वेगळे असतात, आणि त्यांकडे मी पुढे येतो.

हे रुपयांतले कर्ज सरकारला देते कोण? बँका, आयुर्विमा महामंडळ आणि भविष्य निर्वाह निधी हे त्यातले मोठे धनको. बँकांना आपल्या ठेवींच्या किमान १८ टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकार कर्ज घेताना देते त्या कर्जपत्रांत, ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे मावशीने बँकेत ठेवलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले अठराएक रुपये सरकारलाच उसने गेलेले होते आणि त्यावरचे व्याज बँकेमार्फत तिच्याकडे येत होते. या हिशेबात ती धनको होती, आणि संदेशाने तिला ऋणको ठरवून घाबरवले.

नोटा छापण्याच्या मुद्द्यात एक जुने सत्य दडलेले आहे. १९५५ पासून केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेला तात्पुरत्या हुंड्या, म्हणजे अल्प मुदतीच्या कर्जचिठ्ठ्या, देऊन हवा तेवढा पैसा उचलू शकत असे, आणि तूट भरून काढण्याचा तो राजमार्गच झाला होता. ती पद्धत १९९७ साली बंद झाली. पुढे २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारचे नवे रोखे थेट विकत घेण्यास मनाई केली. अपवाद आहेत, पण ते युद्ध किंवा राष्ट्रीय आपत्तीसारख्या प्रसंगांपुरते. करोनाकाळात रिझर्व्ह बँकेने बाजारातून मोठ्या प्रमाणावर रोखे विकत घेतले आणि त्यानेही चलन वाढते, हे मी मान्य करतो. परंतु १९२३ च्या जर्मनीवर पहिल्या महायुद्धाच्या भरपाईचे ओझे होते, रुहर प्रांत परकी सैन्याने व्यापला होता आणि तेथे संपावर गेलेल्या कामगारांचे पगार सरकार नोटा छापून देत होते. आपल्याकडे २०१६ पासून महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर ६ पर्यंत, ठेवण्याची जबाबदारी कायद्याने रिझर्व्ह बँकेवर आहे. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या झळीने महागाईचा दर ७.७९ टक्क्यांवर गेला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ०.२५ टक्के होता. वस्तू स्वस्त झाल्या असा याचा अर्थ नाही, आणि भाजीपाल्याचे भाव उतरल्याचा त्यात मोठा वाटा होता. पण जर्मनीची वाट अशी नसते.

आता शेवटचा मुद्दा, ज्याने प्रत्यक्ष नुकसान केले. सरकार ठेवी ताब्यात घेणार, ही भीती कोठून आली हे मला ठाऊक आहे. २०१७ साली संसदेत आलेल्या एका विधेयकात, बुडणाऱ्या बँकेला सावरण्यासाठी तिच्या देण्यांचे स्वरूप बदलण्याची, जसे पैशांऐवजी समभाग देण्याची, तरतूद होती आणि त्यात ठेवीही येऊ शकतील अशी रास्त शंका निर्माण झाली. ते विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये मागे घेण्यात आले. त्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला अवघे हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रातील ठेवीदारांच्या मनावर तो घाव अजून ताजा आहे, आणि त्यांना कोणी भित्रे म्हणू नये. परंतु ती बँक एका बांधकाम समूहाला दिलेली कर्जे लपवल्यामुळे बुडाली होती, सरकारच्या कर्जामुळे नव्हे. फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. मावशीचे सहा लाख एकाच बँकेत होते, तेव्हा वरचे एक लाख विम्याबाहेर होते हे खरे. त्यावर उपाय एवढाच होता की मुदत संपल्यावर रक्कम दोन बँकांत विभागायची.

त्याऐवजी काय झाले ते मी तिच्या पावत्यांवरून सांगतो. पाच वर्षांची ठेव दोन वर्षांतच मोडल्याने बँकेने कमी मुदतीचा दर लावला, त्यातून दंडाचा एक टक्का वजा केला, आणि आतापर्यंत दरमहा दिलेले जादा व्याज मुद्दलातून वळते करून घेतले. सहा लाखांतले पंधरा हजार तेथेच गेले. चार लाखांच्या बांगड्या आणि साखळी घेतली, त्यात घडणावळ आणि तीन टक्के वस्तू व सेवा कर मिळून सुमारे ४३ हजार रुपये होते, जे मोडीला गेल्यावर परत मिळत नाहीत. उरलेले पैसे कपाटात, साडीच्या घडीत होते. एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरात! सोन्याचा भाव २०२५ मध्ये भरपूर वाढला हे मला मान्य आहे, आणि ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याने थोडे सोने जरूर घ्यावे. पण बांगडी दर महिन्याला औषधाचे बिल भरत नाही.

या संदेशाचा मला राग येतो त्याचे आणखी एक कारण आहे. कर्जाबद्दल खरोखर विचारण्यासारखे प्रश्न त्याने गढूळ केले. २०२५-२६ च्या त्याच केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी तिजोरीत येणाऱ्या प्रत्येक रुपयातले २४ पैसे कर्जातून येतील आणि खर्चाच्या प्रत्येक रुपयातले २० पैसे व्याजात जातील, असे मांडले होते. वर्षाची तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची रक्कम, १५ लाख ६९ हजार कोटी, आणि केवळ व्याज १२ लाख ७६ हजार कोटी. म्हणजे नव्या कर्जाचा बहुतेक भाग जुन्या कर्जाच्या व्याजाएवढा. महाराष्ट्र सरकारनेही २०२५-२६ साठी सुमारे ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट दाखवली आणि कर्ज नऊ लाख कोटींच्या वर जाईल असे सांगितले. महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चासाठीच कर्ज, आपल्या भाषेत ऋण काढून सण. व्याजात जाणारा पैसा शाळा आणि दवाखान्यांच्या वाट्याचा असतो, आणि ही तूट अशीच राहिली तर भाववाढ ठेवीचे मोल हळूहळू खाते. हे प्रश्न आमदारांना आणि खासदारांना आकड्यांनिशी विचारायला हवेत.

मागच्या गुरुवारी मी मावशीबरोबर बँकेत गेलो. कपाटातले पैसे पुन्हा ठेवीत टाकले, मासिक व्याजाचा अर्ज भरला. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणल्यामुळे जुना दर आता मिळत नाही. दरमहा पूर्वीच्या व्याजाचा तिसरा हिस्साही हाती येणार नाही, आणि फरक आम्ही भाचरांनी वाटून घ्यायचे ठरवले आहे. भजनी मंडळाच्या गटात माझा हा लेख तिने स्वतः पाठवावा असे तिचेच म्हणणे आहे, कारण त्या गटातील आणखी दोघींनी ठेवी मोडण्याचे अर्ज नेऊन ठेवले आहेत.