बुवांचं व्हायोलिन म्हणजे जोडधंदा? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गजाननबुवा जोशींच्या व्हायोलिनवादनावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बुवा मुळात गवई, व्हायोलिन हा त्यांचा जोडधंदा. त्यांचं जे वादन ऐकायला मिळतं ते खरखरीत, त्यापेक्षा व्हायोलिनवादक एन. राजम यांची ध्वनिमुद्रणं कितीतरी स्वच्छ. आणि कोल्हापूरचा संबंध मी गावच्या अभिमानापोटी ओढूनताणून आणला.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, तो लगेच मिटतो. बुवांचे वडील अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. बुवांनी पुढे जयपूर घराण्याची तालीम घेतली ती भूर्जीखाँसाहेबांकडे, म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांच्या चिरंजीवांकडे. १८९५ साली शाहू महाराजांनी खाँसाहेबांना दरबारात ठेवून घेतलं, तेव्हापासून ही गायकी इथली, कोल्हापूरची झाली. आता यात मी ओढलं काय आणि ताणलं काय?

जोडधंद्याचं मात्र नीट बोलू. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. (पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या कोल्हापुरात बसून पेटीविरुद्ध बोलायची माझी टाप नाही, हा फक्त इतिहास.) गवयाला साथ तर हवीच, मग सारंगी आणि व्हायोलिनचं महत्त्व वाढलं. बुवा स्वतः आकाशवाणीत नोकरीला होते. त्या काळात हे वाद्य हाती असणं म्हणजे रेडिओवर रोज उपयोगी पडणारी विद्या असणं. तिला जोडधंदा म्हणायचं तर निम्म्या वादकांना तेच म्हणावं लागेल.

पण माझा मूळ मुद्दा रोजगाराचा नव्हता. व्हायोलिनवर ख्याल वाजवताना गज (तारांवर घासायची काठी) कुठे फिरवायचा, हा खरा प्रश्न. गळ्याला श्वास घ्यावा लागतो, तसा गजालाही शेवट असतो. टोकाला आला की दिशा बदलणं आलंच. साधा वादक गज संपला की बदलतो. बंदिश पाठ असलेला वादक तिच्या अक्षरावर बदलतो: व्यंजनाला नवा गज, आणि पुढचा आकार त्याच गजात मींडेनं, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात सरकत, ओढत न्यायचा. डावं बोट तारेवरून न उचलता सरकतं. ऐकणाऱ्याला शब्द नसताना शब्द कळतात. जयपूरची तान तर वळणावळणाची, तालाच्या एका आवर्तनातून दुसऱ्यात घुसणारी. तिथे गज चुकीच्या जागी फिरला की तानेचे तुकडे पडतात. हा हिशेब केवळ रियाजी हाताला जमत नाही, तो गायकी डोक्यात असलेल्यालाच जमतो. ग्वाल्हेर घराण्याची गायकी घरचीच, आग्रा घराण्याची तालीम विलायत हुसेनखाँकडची, वर जयपूर. तिन्हींची गणितं बुवांना गज हातात घेऊनही सोडवावी लागत होती. म्हणून ते गवई होते हा तुमचा मुद्दा मला आक्षेप वाटतच नाही, माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो.

राजमबाईंशी तुलना? त्यांच्या हाताखाली कर्नाटक संगीताची पक्की बैठक, वर पं. ओंकारनाथ ठाकुरांची गायकी. स्वर लांब, गोल, मखमली. गोडवा हवा तेव्हा मीही त्यांनाच लावतो. बुवांच्या गजात मला गोडव्यापेक्षा धार जास्त ऐकू येते, आणि लयीशी झोंबण्याची खोड. एखाद्याला ती कर्कश वाटेल, वाटू दे. पण फितीची खरखर आणि वादकाचा स्वर यांची गल्लत करू नका. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं; त्यात राग मांडणं म्हणजे पोस्टकार्डावर लग्नाची याद लिहिणं. त्यापुढे रेडिओची खरखरीत पण लांब फीत मला शंभरदा चालेल.

बुवांकडे व्हायोलिन जोडधंदाच असतं, तर ते शिकायला कुणी आलं नसतं. श्रीधर पार्सेकर त्यांच्याकडे शिकले, चिरंजीव मधुकर जोशीही व्हायोलिनकडेच वळले. आणि त्याच बुवांकडून उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर गाणं घेऊन गेले. पार्सेकर १९६४ साली गेले, फार लवकर. त्यांच्या तबकड्या मिळाल्या तर ऐका, आणि बंदिशीच्या मुखड्यावर, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्यावर, गज कुठे फिरतो तेवढंच बघा. मग पुन्हा भांडायला या, राजमबाईंवर वेगळा लेख लिहायचाच आहे.